तिसऱ्या हौदाचं पाणी

सोनं कुठं निघतं, असं कोणी इचारलं तर मी म्हणते, आमच्या बांधावर निघतं, या बघायला. लोक हसतात. हसू द्या. हिंगोलीच्या सराफ्यातली धूळ पोत्यात भरून आमच्या शेतात येते अन् तिच्यातून जिवनबाई सोनं काढते, हे डोळ्यानं बघितलेली बाई मी हाय. मी नर्मदाबाई, व्यंकटरावांची बायको. आमचं शेत जवळा बाजारच्या अलीकडं, कालव्याच्या शेपटाला. शेपटाला म्हंजे काय, तर सिद्धेश्वर धरणाचं पाणी वरच्यांचं पिऊन झाल्यावर उरलं तर आमाला.

जिवनबाई शेजारच्या तांड्यावरली. नवरा थावरा, स्वभावानं गरीब, आता दम्यानं बसून असतो. पोरगी रीता हिंगोलीला दिलेली. जिवनबाई लग्न होऊन तांड्यावर आली तवा तिनं सराफ्यात दुकानं झाडायचं काम धरलं. तिथं हरिचंद नावाचा म्हातारा झारेकरी व्हता. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी, पायपुसणी सुदिक, असलं समदं गोळा करून त्यातला सोन्याचा कण काढायचा, हा त्याचा धंदा. धूळ जाळायची, कुटायची, परातीत पाण्यानं धुवायची, मंग पारा घालून मळायची. पारा सोन्याला धरतो. तो गोळा तेजाबात, म्हंजे ॲसिडात, टाकला की पारा इरघळतो अन् सोनं खाली राहतं. असं सांगायला सोपं. करून बघा म्हंजे कळंल.

हरिचंदनं तिला समदं शिकवलं, कारण त्याचे हात कामातून गेले व्हते. कपबशी धरली की चहा अंगावर. दात पडले, बोलताना लाळ गळायची. जलमभर त्यानं बंद खोलीत तव्यावर पारा तापवला व्हता, अन् त्याचा धूर नाकात घेतला व्हता. तो तिला म्हणायचा, "बेटी, पारा दिसतो तोवर काही न्हाई करत. दिसंना झाला की पळ." जिवनबाईनं ते कानात धरलं. पण उशिरानं धरलं. ते पुढं सांगते.

म्हातारा गेला. खोली गेली. तिनं माझ्या मालकाला इचारलं, बांधाच्या कोपऱ्यात पडीक तुकडा हाय, तिथं काम करू का? बदल्यात हळदीच्या काढणीला येईन, भांगलणीला येईन. मालक म्हणाले, कर. मालकाला वाटलं, सोनं निघतं तिथं आपलं बी नशीब उघडंल. त्यांचं डोकं असंच चालतं.

आता तिची कामाची रीत सांगते, कारण माझं समदं पाप त्या रीतीत हाय. तिनं तीन हौद बांधले, एकाच्या खाली एक. पयल्यात धूळ धुतलेलं पाणी, त्यात गाळ खाली बसायचा. वरचं पाणी दुसऱ्यात, तिथं आणखी बसायचं, अन् तेच पाणी ती फिरून धुवायला वापरायची. उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी म्हंजे जीव, बाई एक तांब्या सांडू द्यायची न्हाई. तिसरा हौद येगळा. त्यात तेजाबाचं पाणी. त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायची, राहिलेला पारा पट्टीवर चढायचा, तो खरवडून बाटलीत. मंग चुना टाकायचा तेजाब मारायला. मेलं का न्हाई ते बघायला तिच्याकडं हळदीत भिजवलेली चिंधी असायची. बुडवायची, बघायची. त्याच्या शेजारी एक खड्डा, इटांचा, आतून शिमेटचा गिलावा, वर पत्रा. समद्या हौदांचा गाळ त्यात. नाल्यात एक थेंब न्हाई, जमिनीत एक थेंब न्हाई. मी तिला चिडवायची, "काय गं जिवने, तू तर तान्ह्या लेकरापरीस जास्त जपून राहिली त्या गाळाला!" ती म्हणायची, "लेकरू रडून सांगतं, अक्का. हे सांगत न्हाई."

तीन हौदांना मात्र हात लावू द्यायची न्हाई कोणाला. बकरी जरी तिकडं वळली तरी दगड घेऊन धावायची. अन् मला वाटायचं, आता खरं सांगते, मला वाटायचं की त्या पाण्यात सोनं उतरलेलं असणार. म्हून तर झाकून ठिवते! माणसाचं मन लई वंगाळ.

दोन वर्षांमागं फाल्गुनात आमची हळद निघाली. थोडीच व्हती, शिजवायला आठ कढया भरतील एवढी. वाफेवर हळद शिजवून देणारा बॉयलरवाला मोठ्या शेतकऱ्यांच्या मागं, आमच्यासारख्याकडं कशाला येतो? आमी आपली जुनी कढई चुलाणावर चढवली. सहा कढया निघाल्या अन् डीपी जळाला. झालं! विहिरीत पाणी हाय, मोटर चालंना. मालक वायरमनला फोन लावून राहिले, तो उचलंना. खणलेली कच्ची हळद किती दिस ठिवणार? कालवा कोरडा. अन् जिवनबाई दोन दिसांपासून थावराला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात. तिचा तिसरा हौद काठोकाठ.

मी जाऊन वाकून बघितलं. काय नितळ पाणी! तळ दिसत व्हता. जरासं निळसर वाटलं, म्हटलं आभाळाचं असंल. तरी मी काही अडाणी न्हाई. जिवनबाईची चिंधी तिथंच खुंटीला व्हती, ती बुडवली. पिवळी ती पिवळीच राहिली. मी म्हटलं, पाणी बराबर हाय. आता हळद करणाऱ्या बाईला इचारा: ज्या पाण्यात हळद लाल पडते ते वाईट पाणी, पिवळी राहते ते चांगलं. चुना लागला की हळदीचं कुंकू व्हतं, हे आमच्या लेकरांना ठाऊक. मी माझ्या अकलेनं बघितलं. जिवनबाईची अक्कल उलटी चालते, हे मला कोण सांगणार? तिच्या हौदात चिंधी लाल झाली तर तेजाब मेलं. पिवळी राहिली म्हंजे अजून जितं हाय.

तांब्याच्या कळशीनं मी अन् गड्यानं पाणी वाहिलं. बादल्यांनी बी वाहिलं. दोन कढया शिजवल्या.

अन् देवा, हळद काय निघाली! असा रंग मी जलमात बघितला नव्हता. कढईचा गंज सुदिक निघून गेला, लख्ख झाली. मालक बोट फिरवून फिरवून बघायचे. म्हणाले, ह्या दोन कढयांची येगळी वाळव, मार्केटात पोत्याच्या तोंडाशी हीच घालू. मी मनात म्हटलं, सोन्याचं पाणी ते. हसू नका, खरंच म्हटलं.

तिसऱ्या दिशी जिवनबाई आली. हौद अर्धा बघून तशीच माझ्याकडं धावत. "अक्का, पाणी कोणी नेलं?"

मी म्हटलं, "ढोरं प्याली असतील."

काहून बोलले असं? चोरी पकडली गेली की तोंडाला येईल ते निघतं. मला वाटलं, ती दोन शिव्या घालंल अन् गप बसंल. पण तिचं तोंड राखेवानी झालं. "कोणाची ढोरं?" म्हणाली अन् माझ्या उत्तराची वाट न बघता निघाली. त्या दिवसभर ती बाई गावातल्या गोठ्या-गोठ्यानं फिरली. तांड्यावर फिरली. एकेका म्हशीचं तोंड उघडून बघायची, शेण बघायची. लोक इचारायचे, काहून? ती खरं सांगायची, माझ्या हौदातलं पाणी इखारी हाय, तुमचं ढोर प्यालं असंल तर सांगा. सांगते का कोणी असं आपल्याच धंद्याबद्दल! दुपारपर्यंत गावात बोभाटा. जिवनबाईनं पाण्यात इख कालवलं म्हणे. गावातला कोंडीबा चावडीवर म्हणाला, तिला हाकला तिथून. अन् मी घरात बसून हळद चाळून राहिले. मला तवा सांगायला तोंड नव्हतं का? व्हतं. मी उघडलं न्हाई.

ऊन कलल्यावर ती आमच्या वसरीत येऊन बसली. पायाला भेगा, ओठ सुकलेले. म्हणाली, "एक बी ढोर न्हाई सापडलं, अक्का. थोडं पाणी द्या." मी उठायच्या आत तिनंच वळून बघितलं, फळीवर कळशी व्हती. कळशीच्या आतून बुडाला पांढरे चट्टे, चांदीवानी चमकणारे. मी रोज बघायची अन् खुश व्हायची, काय उजळली म्हून. तिनं बोट फिरवून बघितलं, तांब्यावर पारा चढला व्हता.

तिनं कळशी फळीवरून खाली काढली. मंग इचारलं, "कोणी प्यालं का ह्यातून?"

"न्हाई. प्यायचं माठात असतं."

"मंग पाणी कशाला नेलं?"

मी अंगणाकडं बघितलं. तिनं बी बघितलं. तिथं हळद वाळत व्हती.

"किती कढया?"

"दोन."

तिनं मला समोर बसवलं. मंग हळूहळू सांगितलं. हे इकायचं न्हाई. ढोरांना घालायचं न्हाई. उकिरड्यावर टाकायचं न्हाई, पाऊस आला की खाली उतरंल. जाळायचं तर अजिबात न्हाई, धुरातून समदा पारा नाकात जाईल. मला असा राग आला! नऊ महिने जिची भांगलण केली, पाणी पाजलं, पाठ मोडून खणली, ती हळद ही बाई फेक म्हणते. मी म्हटलं, "तू डाक्तर हायेस का गं? तुझ्या गाळाचं तू बघ. आमची जागा फुकट वापरून आमालाच शिकवून राहिली!" असंच म्हटलं. मालक आतून आले, ते म्हणाले, "आठ कढयांत दोन कढया मिसळल्या तर कोणाला काय कळतंय? अन् पुन्ना हा इषय काढला तर हौद उचलायचे."

जिवनबाई उठली. जाताना कळशी घेऊन गेली, म्हणाली, ही घरात नको. मी अडवलं न्हाई. पंधरा दिस ती आली न्हाई, मी गेले न्हाई. बांधावरून जाताना मी तोंड फिरवायची. पण रोज सकाळी अंगण झाडताना त्या ढिगाला वळसा घालून झाडायची.

मंग कोमल आली, माझी लेक. सातवा लागला व्हता, पयलं बाळंतपण, माहेरीच व्हणार. घर भरल्यावानी झालं. हळद पॉलिशला जायचा दिस उद्यावर आला, मालक आडत्याशी बोलायला हिंगोलीला गेले. मी पोती भरून राहिले. आमच्या घराची रीत अशी की पोती शिवायच्या आधी वर्षाची घरची हळद काढून ठिवायची. ती मी काढली, पयल्या कढयांच्या ढिगातून, विहिरीच्या पाण्याची. पांढऱ्या फडक्यात बांधून उतरंडीमागं ठिवली. हात आपोआप चालले. मनाला इचारलंच न्हाई.

तेवढ्यात जिवनबाई दारात. लेक माहेरी आलीय म्हून कोमलला बघायला आली व्हती, पदराखाली आंबट बोरं घेऊन. माझ्याशी बोलायला न्हाई आली. कोमलच्या तोंडावरून हात फिरवला, कानाशी बोटं मोडली. कोमल बोरं ठिवायला उतरंडीकडं गेली अन् तिथून ओरडली, "आई, ही हळद येगळी काहून बांधली? पोत्यातली तर ह्याच्याहून पिवळी हाय!"

जिवनबाई माझ्याकडं बघून राहिली. मला वाटलं, आता तोंड सोडंल. न्हाई सोडलं. कोमलला म्हणाली, "बाळा, वर्षाची हाय ती, मीठ-हळद घरची असावी." मंग मला बाहेर बोलावलं. वीस वर्षांत पयल्यांदा ती मला तू म्हणाली.

"घरची येगळी काढलीस म्हंजे तुला पटलंय, नर्मदे. पटलं नसतं तर हीच पिवळी काढली असतीस. पयल्यांदा कोमलला दुधात दिली असतीस."

माझ्या हातात सुतळी व्हती, ती तशीच राहिली.

ती म्हणाली, "हरिचंदकडं व्हते तवा मला बी सातवा व्हता. तो तव्यावर पारा तापवायचा, मी शेजारी बसून धूळ निवडायची. एक दिस पोटातलं हालंना. नंतर दोनदा तसंच झालं. पाऱ्यानं झालं का कशानं, मला कोणी सांगितलं न्हाई, मी इचारलं बी न्हाई. रीता झाली ती काम सोडून दोन वर्षं बसले तवा. तुझी हळद ज्या गावात जाईल तिथं बी कोणाची तरी कोमल असंल. दूध-हळद तिला बी देतील."

बास, एवढंच. रडली न्हाई, ओरडली न्हाई. रडले मी. अन् रडताना मला माझाच एवढा राग आला की पोत्याची सुतळी दातानं तोडली. जिनं दिवसभर दुसऱ्याच्या म्हशींची तोंडं उघडून बघितली तिला आमी हाकलायला निघालो व्हतो, अन् माझं ते फडकं उतरंडीमागं!

आमी दोघींनी ती दोन कढयांची हळद उचलली. तोंडाला पदर, हाताला तिचे रबरी मोजे, एक जोड तिचा, एक थावराचा. पाट्या भरभरून बांधाकडं. कोमलला घरातून हालू दिलं न्हाई. किती खेपा झाल्या, मोजल्या न्हाईत. जिवनबाईनं खड्ड्यावरचा पत्रा सरकवला, हळद आत, वर चुना, वर माती. अंगणातली जागा सुदिक खरवडून ती माती बी टाकली. कढई तिनं येगळी नेऊन वाळूनं घासून ठिवली, तिचं पाणी बी हौदातच.

मालक आले तवा पोती सहा कढयांचीच उभी. काय झालं म्हून इचारलं. मी सांगितलं. पाणी मी नेलं, ढोरांचं खोटं बी मीच बोलले, ते सुदिक सांगितलं. मालकांनी जे तोंड सुरू केलं ते अख्ख्या आळीनं ऐकलं. शेवटी म्हणाले, "उद्याच्या उद्या तिचे हौद उचलायचे!"

मी म्हटलं, "हौद उचलायचे तर मला बी उचला. अन् चावडीवर चला, कोंडीबाला मी सांगते चोर कोण व्हतं ते." ते त्या राती जेवले न्हाईत. मी बी न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी बांधावर गेले. जिवनबाई परात, मुसळ, पट्ट्या धुवून पालथ्या घालून राहिली व्हती. बाटल्या पेटीत बांधलेल्या. मला वाटलं, मालकाचं ऐकून निघाली. म्हटलं, "काहून आवरून राहिली? कोणी जा म्हटलं न्हाई तुला."

"जात न्हाई, अक्का. काम बंद." पुन्ना अक्का झाले मी. "खड्डा भरला ना. आता गाळ कुठं टाकू?"

मला उमगायला वेळ लागला. वर्षभराच्या गाळाचा तो एकच खड्डा, अन् आमी तो माझ्या हळदीनं काठापर्यंत भरला व्हता. तिला हे कालच ठाऊक व्हतं. पत्रा सरकवतानाच ठाऊक व्हतं. थावराचा दवाखाना चालू, सराफ्यातली पोती येऊन पडलेली, अन् ही बाई पाटीवर पाटी ओतून राहिली व्हती. एका शब्दानं बोलली न्हाई.

"मला काहून सांगितलं न्हाईस?" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुमचा हात थांबला असता."

खरंच थांबला असता. मी तशीच घरी आले, माळवदावरून कुदळ काढली, पदर खोचला अन् तिच्या खड्ड्याच्या शेजारी जाऊन खणायला लागले. पन्नाशी उलटलेली बाई, दहा घाव घातले की धाप. जिवनबाई "अक्का, राहू द्या, अक्का" करून राहिली. मी तिला म्हटलं, गप बस, न्हाईतर तुला बी पुरीन.

ऊन चढलं. गुडघाभर बी झालं नव्हतं. मागून चपलेचा आवाज आला. मालक. हातात फावडं, तोंड अजून फुगलेलंच. बांधावर उभं राहून बघत राहिले, मंग खाकरले.

"एवढ्या जवळ कोणी खांदतं का? जुन्याची भिंत ढासळंल. सरक तिकडं," म्हणाले अन् खड्ड्यात उतरले. "इटा उद्या आणतो. गिलावा कसा धरायचा ते तिला इचार."